बंद डब्यातलं बाळ

अश्विनातलं ऊन जळगावात वाईटच. वैशाखात माणूस तयारीत असतो, माठ भरलेला असतो, कूलर पुसून लावलेला असतो. अश्विनात आपण पाऊस संपला म्हणून निवांत असतो आणि हे ऊन मागून येऊन मानेवर बसतं. भिंतीतली ओल अजून गेलेली नसते, ती तापते आणि घराला अर्धवट वाळलेल्या कपड्यांसारखा वास येतो. हा महिना सगळ्यांना आवडतो. मला आवडत नाही.

यंदा आमच्या कॉलनीत गुलाबाई बसवली. मोकळ्या प्लॉटवर मांडव, मांडवात स्पीकर, प्लास्टरची गुलाबाई आणि तिच्या डोळ्यांना चिकटवलेल्या खोट्या पापण्या. एकसारख्या साड्या नेसलेल्या बायका टिपऱ्या खेळतात, कोणीतरी मोबाइल धरून उभं असतं, शेवटी बक्षीस. खिरापत म्हणून दुकानातली पाकिटं वाटतात. पाकिटावर आतल्या खाऊचं नाव आणि चित्र. मी एक दिवस गेले, खुर्चीवर बसले, पाकीट घेतलं आणि घरी आले.

ज्यांना गुलाबाई माहीत नाही त्यांना हे कळणार नाही, म्हणून सांगते. फैजपूरच्या बाजूला आमच्या गावात भादव्याच्या पुनवेला गुलाबाई बसायची ती कोजागरीपर्यंत. मातीची गुलाबाई, शेजारी मातीचा गुलोजी आणि तिच्या मांडीवर मातीचं बाळ. संध्याकाळी पोरी घरोघर फिरायच्या, टिपऱ्या वाजवायच्या, गाणी म्हणायच्या. आणि शेवटी खिरापत. ज्या घरी गाणी व्हायची ते घर झाकणाच्या डब्यात खाऊ आणून ठेवायचं. डबा उघडायचा नाही. आधी ओळखायचं. गोड का तिखट, गोल का लांब, दाताखाली वाजतं का नाही. कोणी डबा कानाशी धरून हलवायचं. फुटाणे खडखडतात, डाळ्या सरकतात, मुरमुरे नुसते कुजबुजतात. भिजवलेले मूग आवाजच करत नाहीत, पण डबा गार लागतो. ओळखलं की डबा उघडायचा आणि सगळ्यांच्या हातावर सारखंच ठेवायचं. ओळखलं नाही तर पोरी हरल्या, पण खाऊ तरी मिळायचाच. बंद डबा बंदच ठेवून कोणी घरात नेला असं मी कधी पाहिलं नाही.

ते मी माझ्या घरात, म्हातारपणी पाहिलं.

माझी नात श्रुती अठ्ठावीस वर्षांची आहे. पुण्याच्या कंपनीचं काम इथे घरी बसून करते, चांगलं कमावते. तिच्या खोलीत भिंतभर काचेचं कपाट आहे आणि कपाटात बाहुल्या. लहान मुलांच्या नाहीत. लहान मुलानं हात लावला तर ती किंचाळते. वीतभर उंचीच्या, कोणाला शिंगं, कोणाला माशाची शेपटी, कोणी नुसतंच रडणारं. त्या बंद खोक्यातून येतात. आत कोणती निघेल ते घेणाऱ्याला माहीत नसतं. ती खोकं कानाशी धरून हलवते, स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करते, तोंडानं पुटपुटते. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "ओळख, गोड का तिखट?" ती म्हणाली, "आजी, डिस्टर्ब करू नको."

काही खोकी ती फोडते. काही मात्र फोडतच नाही. सगळ्यात महागडी जी, ती कारखान्याची चिकटपट्टी लागलेली तशीच काचेमागे उभी. का, तर फोडलं की किंमत जाते. आणि या सगळ्या बाहुल्या आपल्याकडच्या उन्हात चिकट होतात म्हणे, प्लास्टिकला घाम फुटतो. म्हणून त्या खोलीत एसी. मी आणि माझा मुलगा बाहेर पंख्याखाली.

आमचं भांडण झालं नाही असं नाही. मी विचारलं, "त्या मधल्या खोक्याचे किती दिले?"

"बावीस हजार. आता तीसला जाईल."

"मग देऊन टाक."

"विकायचं नाहीये गं मला."

"जे विकायचं नाही, त्याची किंमत कशाला सांगते? आणि जे उघडायचं नाही ते तुझं कसं?"

श्रुती माझ्यावर गेलीय, तिला उत्तर लागतंच. ती म्हणाली, "तुझ्या पाटल्या कपाटात आहेत ना? कधी घालतेस? वर्षातून दोनदा काढून बघतेस, परत ठेवतेस. माझं तेच."

"त्यातल्या दोन मोडून तुझ्या बापाला शिकवलं."

"मग मीपण मोडीन वेळ आली की. तुझं ते सोनं, माझं ते खेळणं, असं का? तुलाही त्या पाटल्यांचा काय उपयोग? बायकांनी बघावं म्हणूनच ना?"

हे मला लागलं, कारण खरं होतं. सोनं काय आणि प्लास्टिक काय, आपल्याकडे आहे आणि दुसऱ्याकडे नाही, एवढ्यासाठीच माणूस कुलूप लावतो. तरी सोनाराकडे गेलं की सोन्याला वजनाचे पैसे येतात. ही बाहुली वितळवली तर नुसता धूर होईल. मी तिला तसं म्हटलं. ती म्हणाली, "आजी, यू आर सॅव्हेज." म्हणजे काय ते मी विचारलं नाही.

या भांडणानंतर आठच दिवसांनी अक्का आली.

अक्का म्हणजे माझी मोठी बहीण, कमल. साक्रीजवळच्या खेड्यात दिली. ऐंशीची झाली. डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन इथे करायचं ठरलं, कारण तिकडे तिला रोज औषध घालणारं कोणी नाही. एवढ्या वर्षांत ती माझ्याकडे कधी तीन रात्रींच्या वर राहिली नव्हती. या वेळी महिनाभर. डॉक्टरांनी सांगितलं, धूळ नको, ऊन नको, गारव्यात ठेवा. घरात तशी खोली एकच होती. बाहुल्यांना जे पथ्य तेच अक्काच्या डोळ्याला. श्रुतीनं तिचा पलंग दिला, हे मी कबूल करते. स्वतः खाली गादी टाकून झोपली.

अक्काची भाषा आता पार तिकडची, अहिराणी, झाली आहे. माझ्या तोंडात अजून माहेरचं राहिलं आहे. ती 'आहे' म्हणत नाही, 'शे' म्हणते. पहिल्या दिवशी पट्टी बांधलेली, काळा चष्मा लावलेली पलंगावर बसली आणि उघड्या, अधू डोळ्यानं कपाटाकडे पाहून म्हणाली, "हाई काय शे वं? देवघर शे का?"

"बाहुल्या आहेत," मी म्हटलं. "पोरीच्या."

"कोनती पोर? हाई एवढी घोडी?"

श्रुती हसली. राग आला नाही तिला. माझ्यावर आला असता. तिनं त्याच दिवशी आलेली दोन बंद खोकी आणली आणि अक्काच्या हातात दिली. अक्कानं एक उजव्या तळहातावर ठेवलं, दुसरं डाव्या. मग अदलाबदल केली. मग एक हळूच उलटं केलं आणि कान लावला.

"यामा बठेल शे," ती म्हणाली. "दुसरामा उभं शे. बठेल शे त्यानं वजन खाले शे."

श्रुतीनं फोडून पाहिलं. एकात बसलेली निघाली, एकात उभी. ती ओरडलीच. "मोठी आजी, तुम्ही एक्सपर्ट आहात!" त्यानंतर खोकं आलं की आधी मोठ्या आजीच्या हातात. अक्का कधी चुकली तर चष्म्याआडून म्हणायची, "तुन्हा कारखानावाला लबाड शे."

मी दारात उभी राहून हे बघत होते. अक्का गावात सगळ्यात चांगलं ओळखायची. पोरी डबा तिच्याकडेच द्यायच्या. तिच्या हाताला माहीत होतं कशाला किती भार असतो. पासष्ट वर्षं तो हात निंदणी आणि शेण करत राहिला, तरी त्याला आठवत होतं.

ज्या वर्षीचं मला आठवतं त्या वर्षी मी दहाची होते, अक्का चौदाची. मी चौथी पास झाले होते आणि शाळा सुटली होती. अक्काचं लग्न ठरलं होतं. त्यामुळे ती तिची शेवटची गुलाबाई, हे सगळ्यांना माहीत होतं आणि म्हणून सगळे तिला जरा सांभाळून घेत होते. मला ते सहन होत नव्हतं. त्या वर्षी आईनं मूर्ती विकत आणली नाही, लग्नाचा खर्च होता. अक्कानं नाल्याची काळी माती आणली, त्यात कापूस कुटून घातला म्हणजे भेगा पडत नाहीत, आणि स्वतः गुलाबाई केली. गुलाबाई बरी झाली. गुलोजीचं नाक वाकडं झालं. पण बाळ फार सुंदर झालं. मुठीएवढं, पाय पोटाशी घेतलेलं, डोळे मिटलेलं. त्याच्या कपाळावर तिनं ज्वारीचा दाणा रुतवला होता. मी रोज संध्याकाळी ते हातात घ्यायचे. गार असायचं आणि आकाराच्या मानानं फार जड. खरंच कोणी झोपलेलं असावं तसं.

मी अक्काला म्हटलं, "तू चालली जाशील. हे बाळ मले दे."

"गुलाबाईचं आहे ते. बुडवाचं असते."

कोजागरीला आम्ही पोरी नदीवर गेलो. पाणी स्वच्छ होतं. गुलाबाई सोडली, गुलोजी सोडला. बाळ सोडताना अक्कानं हात पाण्यात घातला आणि मूठ बंद ठेवूनच बाहेर काढला. कोणी पाहिलं नाही. मी पाहिलं. घरी आल्यावर ते तिच्या लुगड्यांच्या गाठोड्यात गेलं. मला दिलं नाही, बुडवलंही नाही, स्वतःला ठेवलं. मला तिचा इतका राग आला की रात्री मी तिच्याकडे पाठ करून झोपले. लग्नाच्या आधीचे आमचे थोडेच दिवस उरले होते, ते मी तसेच घालवले.

माघात लग्न झालं. त्या काळी एवढ्या लांब कोणी मुलगी देत नसे, पण बैलबाजारात वडलांची त्या माणसांशी ओळख झाली होती. आणि नवरीबरोबर पाठराखीण म्हणून मला पाठवलं.

हा शब्द आता कोणी वापरत नाही. नवी नवरी पहिल्यांदा सासरी जाते तेव्हा तिच्याबरोबर माहेरची एक जण जाते, चार-आठ दिवस राहते. तिला काही काम नसतं. तिनं फक्त नवरीची पाठ राखायची. परक्या घरात ओळखीचं एक तोंड असावं, एवढंच. मला नवं परकर-पोलकं मिळालं होतं आणि दोन गाड्या बदलून प्रवास होता, मी खुश होते.

तिकडचं बोलणं मला अर्धं कळत नव्हतं. अक्काची सासू चुलीपुढे बसून मला गुळाचा खडा द्यायची आणि इकडचं तिकडचं विचारायची. तिसऱ्या दिवशी तिनं विचारलं, तुझ्या बहिणीनं गाठोड्यात काय काय आणलं. मी लुगडी सांगितली, आरसा सांगितला. मग थांबले. मग म्हटलं, "अन् गुलाबाईचं बाळ. बुडवलं नाही तिनं. चोरून ठेवलं."

मी दहा वर्षांची होते, मला काय कळतंय, असं कोणीही म्हणेल. मला कळत होतं. हे सांगितलं की ते बाळ अक्काकडे राहणार नाही, हे मला चांगलं कळत होतं. तेवढ्यासाठीच सांगितलं.

सासूनं ते काढून घेतलं. ओरडली नाही. चुलीमागच्या कोनाड्यात ठेवलं आणि वर भांडं पालथं घातलं. मला वाटलं झालं. आठ दिवसांनी भाऊ मला घ्यायला आला.

चार वर्षं अक्काला मूल झालं नाही. मग सासूला ते भांडं आठवलं. बुडवायचं बाळ हिनं कोंडून ठेवलं, म्हणून हिचं बाळ कोंडलं. अशी कुठे रीत नाही, असं कोणी सांगितलेलं नाही, ते त्या बाईच्या डोक्यातून निघालं. पण एकदा निघालं आणि गावभर झालं. पाचव्या वर्षी अक्काच्या नवऱ्यानं दुसरी केली. अक्काला हाकललं नाही. ठेवली. सवतीच्या बाळंतपणांना शेक द्यायला, तिच्या पाच पोरांना आंघोळी घालायला, शेतावर जायला. आई मरेपर्यंत एकच विचारायची, त्या सासूला गाठोड्यातलं कळलं कसं. मी समोर भाकरी थापत असायचे. मी बोलले नाही.

माझ्या पदरात दोन मुलं, हे घर, ही पोरगी. अक्काच्या पदरात सवतीची नातवंडं, त्यातलं एक तिला आजी म्हणतं.

म्हणून हा महिना मला आवडत नाही. आणि म्हणून यंदा अक्का महिनाभर घरात होती तर मी तिच्याजवळ कामापुरतीच जात होते. दिवसातून चार वेळा मी तिचं डोकं मागे करून डोळ्यात थेंब सोडत होते. तिचं तोंड माझ्या हातात असायचं. दर वेळी वाटायचं, आता विचारावं. तिला माहीत आहे का, की मी सांगितलं? माहीत असेल तर ती माझ्याकडे आली कशी? माहीत नसेल तर सांगून टाकावं, माझी आता किती वर्षं राहिलीत. आणि दर वेळी मी बाटलीचं झाकण लावून बाहेर यायचे.

पट्टी निघाली, मग काळा चष्मा निघाला. डोळा स्वच्छ झाला. अक्का कुठल्या कुठल्या वस्तू बघायची! भिंतीवरची पाल, माझ्या हनुवटीवरचा केस, दुधातली साय. "सिंधे, तू किती म्हातारी व्हई गयी," मला म्हणाली. "माले वाटे, मीच व्हयेल शे."

कोजागरीच्या आदल्या दिवशी दुपारी श्रुती बँकेत गेली होती. मी थेंबांची बाटली घेऊन खोलीत गेले. कपाटाचं दार उघडं. अक्का पलंगावर बसलेली, मांडीवर फाटलेलं खोकं, जमिनीवर चिकटपट्टीचा तुकडा. तेच मधलं. न उघडायचं.

खोक्यावर आत काय काय निघू शकतं त्याची चित्रं होती, ती मी रोज झाडताना पाहिली होती, पण चित्रांकडे कोण बघतं. आतलं आता पहिल्यांदा दिसलं. हिरव्या पानाच्या झोळीत झोपलेलं बाळ. पाय पोटाशी घेतलेले, डोळे मिटलेले. इतकं गुळगुळीत की खरं वाटत नव्हतं. अक्कानं ते तळहातावर ठेवलं होतं.

"झोपेल शे," ती म्हणाली. "चित्रमा दिसनं. म्हनं देखू."

श्रुतीची स्कूटर खाली थांबलेली ऐकू आली. मला आठवत नाही मी काय विचार केला. केला नसणार. मी अक्काच्या मांडीवरचं खोकं उचललं, तिच्या हातातली बाहुली घेतली आणि दारात उभी राहिले.

श्रुतीनं बघितलं. ओरडली नाही, त्याचं मला जास्त वाईट वाटलं. "कोणी उघडलं?"

"मी," मी म्हटलं. "झाडताना पडलं. आत फुटलं का बघायला मीच फोडलं."

"आजी, तुला सांगितलं होतं. शंभरदा सांगितलं होतं. तुला मुद्दाम करायचं होतं ना? पहिल्या दिवसापासून तुला ते खुपत होतं."

"हो," मी म्हटलं. "खुपत होतं."

पाठीमागून अक्काचा आवाज आला. "ती खोटं बोली र्‍हायनी. मी उघाडं."

"अक्का, तू गप," मी म्हटलं.

"मी काब्र गप बसू?" अक्का उठून आली. तिचा धुतलेला डोळा माझ्यावर होता. आवाज चढलेला नव्हता. शेजारणीला ताक आहे का विचारावं तसा. "तव्हय सांगी दिन्हं, आते लपाडी र्‍हायनी. दोन्ही येळे तुले कोनी इचारं व्हतं?"

श्रुतीला त्यातलं काही कळलं नाही. मला कळलं: तेव्हा सांगून टाकलंस, आता लपवतेस. पासष्ट वर्षं मी जे विचारायला घाबरत होते त्याचं उत्तर ते होतं. तिला माहीत होतं. नंतर, श्रुती बाहेर गेल्यावर, मी विचारलं, "कधीपासून?" ती म्हणाली, "तू गयी त्याच दिनले. सासूनी सांगं. तुन्ही पाठराखीननी सांगं म्हने." आणि डोकं मागे करून म्हणाली, "टाक थेंब. येळ व्हई गया."

मी थेंब टाकले. एक गालावर गेला. तो तिनं स्वतः पुसला. माफ केलं असं ती म्हणाली नाही. रागावले असंही नाही. मी रडले असते तर तिनं ते बघितलं असतं, आणि तिचा डोळा चांगला झालेला होता, म्हणून मी रडले नाही.

त्या बाहुलीचे बावीस हजार मी श्रुतीला दिले. बँकेतून काढून आणले. तिनं आधी नको म्हटलं, मग घेतले. तिनं घेतले याचा मला राग नाही. एवढे दिवस ती किंमत किंमत म्हणत होती. नाही घेतले असते तर मी तिला खोटारडी म्हटलं असतं. फक्त ती एक गोष्ट बोलली ती माझ्या लक्षात राहिली. "उघडलेली ती मी बघू शकत नाही आजी. तूच ठेव. मला दर वेळी दिसेल की ती बंद होती." म्हणजे ती बाहुली तिला कधी आवडलीच नव्हती. तिला ती चिकटपट्टी आवडत होती. पैसे त्याचे होते. आत काय आहे यासाठी नव्हते, आत काहीही असू शकतं यासाठी होते. एकदा डोळ्यांनी पाहिलं की ते संपलं. बंद आहे तोवर माणूस श्रीमंत.

मी हसणार नाही तिला. पासष्ट वर्षं मीही एक डबा बंद ठेवला होता. अक्काला माहीत नसेल, ही माझी चिकटपट्टी. त्याच्यावर मी सुखानं जेवले, मुलं वाढवली, दर दिवाळीला तिला लुगडं पाठवलं. आत काय आहे ते तिला पहिल्या पंधरवड्यातच माहीत होतं. ती लुगडी घेत राहिली.

आता मोठ्यांच्या या खेळण्यांचे पैसे वाजवी आहेत का, हे कोणी मला विचारलं, आणि कॉलनीतल्या बायका विचारतात, कारण श्रुतीचं कपाट सगळ्यांना माहीत झालं आहे, तर मी सांगते: नाहीत. ज्या वस्तूला घरातलं माणूस हात लावू शकत नाही, तिच्यासाठी एसी लावणारा माणूस मूर्ख आहे. पण पुढे मी गप्प बसते. कारण एक मातीचं बाळ फुकट होतं. नाल्यातली माती, घरचा कापूस, ज्वारीचा एक दाणा. आणि त्याची जी किंमत पडली ती कुठल्याही दुकानात कोणी लावली नसती. आणि ती मी भरली नाही, अक्कानं भरली.

कोजागरीनंतर चार दिवसांनी अक्का निघाली. सवतीचा नातू धुळ्याला स्टँडवर येणार होता, इथून तिला बसमध्ये बसवून द्यायचं होतं. मी ती बाहुली कापडी पिशवीत घालून बरोबर घेतली. तिला घरी दिली नाही; श्रुतीसमोर मला ते जमलं नसतं.

अक्काला खिडकीची जागा मिळाली. मी खाली उभी. डेपोतली धूळ, डिझेलचा वास, सीताफळवाल्या बायका खिडक्यांना टोपल्या लावत होत्या. मी पिशवी वर धरली. "अक्का, हे ने. तुझ्यासाठी घेतलं."

तिनं पिशवी उघडली, आत पाहिलं. बाहुली काढून तळहातावर ठेवली, जशी ती डबे ठेवायची. जरा वर-खाली केला हात. मला वाटलं, आता ती पदराखाली घेईल.

"हलकं शे वं," ती म्हणाली. "यामा काही नही."

"असू दे. ने. तुझ्या पोरीबाळी बघतील."

"मन्ह्या पोरी कुठे शेत?" ती म्हणाली. टोमणा मारत नव्हती. मी विसरले असेन म्हणून आठवण करून देत होती. तिनं बाहुली पिशवीत घातली, पिशवीचे बंद नीट गुंडाळले आणि खिडकीतून माझ्या हातात परत दिली. "तूच ठेव. तुलेच पाहिजे व्हतं."

कंडक्टरनं घंटी दिली. तिनं समोर पाहायला सुरुवात केली, बस हलण्याच्या आधीच.

मी रिक्षा केली. पिशवी मांडीवर होती, पानाचं टोक बाहेर आलं होतं. रिक्षावाला आरशातून बघत होता. "आजी, नातीला घेतलं का?"

"नाही. बहिणीला घेतलं होतं."

"केवढ्याला?"

मी आकडा सांगितला. त्यानं मान फिरवून माझ्याकडे पाहिलं, रस्ता सोडून. "काय सांगता! फसवलं तुम्हाला, आजी. एवढ्याशा प्लास्टिकचे एवढे?"

"पुढे बघ," मी म्हटलं. "तिनं घेतलं असतं तर स्वस्त पडलं असतं."